आधी अभंग सोडवा, मग विंडोज सोडा

पत्र

ताई, मी कराडची. वय ६८, प्राथमिक शाळेतून निवृत्त. २०१६ साली निवृत्तीच्या पैशातून डेस्कटॉप घेतला, त्यावर विंडोज १० आहे. आता सारखी पाटी येते की याचा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, "मॅडम, यावर अकरा चढत नाही, नवीन घ्या, पस्तीस हजारात बसवून देतो." नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीत येणार आहे आणि म्हणतो, "आजी, सगळं पुसून लिनक्स टाकतो. फुकट असतं. दोन तासांचं काम." ते 'सगळं पुसून' ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. आमच्या भजनी मंडळाचे सहाशेच्या वर अभंग, गौळणी, भारुडं मी दहा वर्षांत टाइप केलीत, दुकानदारानं तेव्हा घालून दिलेल्या जुन्या मराठी पॅकेजात. शिवाय भिशीचा हिशेब एक्सेलमध्ये, फोटो आणि एक लेझर प्रिंटर. एमएस-सीआयटीला शिकले तेवढंच मला येतं. काय करू? भाची डीटीपीचं काम करते, तीही विचारतेय की तिनंही बदलावं का.

उत्तर

काकू, नमस्कार.

झोप उडाली ते बरंच झालं. 'सगळं पुसून' म्हणणाऱ्या माणसाच्या हाती, मग तो सख्खा नातू का असेना, दहा वर्षांचं काम निजून सोपवू नये.

दुकानदार एका गोष्टीत खरा आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा २०१६ चा, म्हणजे त्याआधीचा. नातूही एका गोष्टीत खरा आहे. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी सिस्टिम, फुकट आहे आणि तुमच्या मशीनवर झकास चालेल. पण मशीनच्या आत काय आहे हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. ते तुम्ही पत्रात ओझरतं लिहून गेलात: 'जुन्या मराठी पॅकेजात'. काकू, तुमची खरी गाठ तिथं आहे. विंडोज की लिनक्स हा प्रश्न तिच्यापुढे सोपा.

आधी घाई काढून टाकू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणजे कंप्युटर बंद पडणार असं नाही. घराला पडलेली भगदाडं बुजवायला दर महिन्याला जो गवंडी यायचा, तो यायचा थांबला, एवढंच. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत. विंडोज अपडेटच्या पानावरच त्याची नोंदणी करता येते, आणि मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग सिंक केलं तर पैसे पडत नाहीत. नातू येईल तेव्हा त्याच्याकडून पहिलं काम हे करून घ्या. म्हणजे पुढची कामं तुमच्या गतीनं होतील, त्याच्या सुट्टीच्या गतीनं नाही.

आता अभंगांकडे येऊ.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आणि त्या काळातली बहुतेक पॅकेजं एका युक्तीवर चालायची. तुम्ही 'क' टाइप करता, पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये 'क' जात नाही. जातो एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा आकडा, आणि त्या आकड्यावर 'क'चं चित्र काढायचं काम फाँट करतो. फाँट म्हणजे मुखवटाच. मुखवटा उतरला की खाली डॉलरच्या खुणा, पौंडाच्या खुणा, डोक्यावर टिंबं दिलेली इंग्रजी अक्षरं यांची नुसती भेळ. तुमच्या बहिणीला कधी फाइल पाठवलीत आणि तिनं "हे काय चिनी पाठवलंस?" असं विचारलं असेल, तर हेच झालेलं असतं. शिवाय दर पॅकेजची युक्ती वेगळी, एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही.

युनिकोड, म्हणजे सगळ्या जगानं मान्य केलेली अक्षरांच्या आकड्यांची यादी, तिच्यात तसं नाही. तिथं 'क'ला स्वतःचा आकडा आहे, २३२५. 'ल'चा २३५४ आणि आपल्या 'ळ'चा २३५५. जगातल्या कुठल्याही फोनवर, कुठल्याही कंप्युटरवर २३५५ म्हणजे 'ळ'च. व्हॉट्सअपवर तुम्ही जे मराठी लिहिता ते युनिकोड. तुमचे सहाशे अभंग तसे नाहीत, ते त्या एका पॅकेजात कोंडलेत. ते पॅकेज फक्त विंडोजवर चालतं. म्हणून नातवानं फाइली जपून नव्या सिस्टिमवर आणल्या तरी त्या भेळच दिसतील. आणि ही अडचण लिनक्सची नाही. पस्तीस हजारांचा नवा कंप्युटर घेतलात आणि त्यावर ते पॅकेज चढलं नाही, तर तिथंही हेच होणार.

तेव्हा विंडोज चालू आहे तोवरच तीन कामं करा.

पहिलं म्हणजे सगळ्या फाइलींची प्रत दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. त्यासोबत विंडोजच्या फाँट्सच्या फोल्डरमधून त्या पॅकेजचे फाँटही उचलून ठेवा. हे कुणालाच सुचत नाही. पुढे लिनक्सवर ते फाँट घातले तर जुन्या फाइली बहुतेक वेळा वाचण्याजोग्या दिसतात.

दुसरं म्हणजे पीडीएफ. फाइल उघडायची, प्रिंट म्हणायचं आणि प्रिंटरच्या यादीतून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडायचं. कागद निघत नाही, फाइल तयार होते, आणि तिच्यात फाँटचा मुखवटा आतच शिवलेला असतो. ती कुठंही उघडा, जशीच्या तशी दिसते. रोज वीस केल्यात तरी महिन्याभरात उरकेल. कंटाळवाणं आहे खरं, पण वाती वळण्याइतपतच, आणि पुढं काहीही बिघडलं तरी अभंग वाचता येतील एवढी हमी मिळते.

तिसरं म्हणजे रूपांतर, आणि इथं डोळ्यांत तेल घालावं लागेल. जुन्या फाँटमधून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. काही पॅकेजांत ते आतच असतात, आधी मेनूत शोधा. मात्र तुमच्या फाँटचं नेमकं नाव बघून त्याचाच कन्व्हर्टर घ्यायचा, दुसऱ्याचा लावलात तर भेळेची मिसळ होते. एकदम सहाशे फाइली ढकलू नका. एक घ्या, जोडाक्षरांनी भरलेली, आणि मूळ छापील पानाशेजारी ठेवून वाचा.

चुका कुठं होतात तेही सांगते. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसते, कारण दिसायला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, जशी आपण बोलतो तशी. कन्व्हर्टर चुकला की 'विठ्ठल'ची वेलांटी सुटी पडते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी लटकते. रफाराचंही तसंच. 'धर्म' लिहिताना जुन्या फाँटमध्ये ध, म आणि मग वरचा रफार. युनिकोडमध्ये मात्र ध, मग अर्धा र, मग म. इथं गफलत झाली की 'धर्म'चा 'धमर्' होतो. 'ज्ञानेश्वर', 'कृष्ण', 'ब्रह्म' आणि 'दुसऱ्या'तला ऱ्या मुद्दाम तपासा. चरणाशेवटचे ॥१॥ ॥२॥ सुद्धा, कारण ते दंड पुष्कळदा भलत्याच चिन्हावर बसवलेले असतात. चांगली गोष्ट ही की कन्व्हर्टर एक चूक सगळीकडे सारखीच करतो. तुमच्या शाळेतल्या कच्च्या पोरांसारखा. एकदा सापडली की फाइंड अँड रिप्लेसनं सगळ्या फाइलभर सुधारता येते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर युनिकोड झालेला अभंग मंडळातल्या बायकांच्या फोनवर अक्षरांत जातो, फोटो काढून पाठवावा लागत नाही. ज्यांना अक्षर बारीक दिसतं त्या ते मोठं करून घेतील. आणि सहाशे फाइलींत 'पंढरी' शब्द कुठं कुठं आलाय हे कंप्युटरला विचारता येतं. आज विचाराल तर तो म्हणेल, कुठंच नाही. त्याच्या लेखी त्या फाइलींत मराठीचं एक अक्षर नाही.

हे झालं, दहा-वीस फाइली तपासून तुमचा जीव भांड्यात पडला, की मग नातवाला मशीनला हात लावू द्या. पण पुसू द्यायचं नाहीच.

माझी २०१२ सालची गोष्ट सांगते. भावाच्या कंप्युटरात दोन हार्डडिस्क होत्या, दोन्ही ५०० जीबीच्या. लिनक्स घालताना विचारणा झाली, कुठल्या डिस्कवर घालू? यादीत एक 'एसडीए' आणि दुसरी 'एसडीबी'. मी ठरवून टाकलं की पहिली म्हणजे रिकामी. वहिनीच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो गेले. अजूनही घरात कार्य असलं की ती फोटोग्राफरला सांगते, "कॉपी कुणालाही द्या, पण हिला नको." तेव्हापासून माझा नियम असा की ज्या डिस्कवर घालायचं तेवढीच आत ठेवायची, दुसरीची केबल काढायची. आत नसलेली डिस्क पुसता येत नाही.

तर तुम्ही एक नवी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क घ्या, अडीच इंची, साटा जोडणीची. नव्या कंप्युटरच्या मानानं तो किरकोळ खर्च आहे. जुनी हार्डडिस्क काढून, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवायची. लिनक्स नव्या एसएसडीवर. नाहीच आवडलं तर केबल परत लावली की तुमचं विंडोज, तुमचे अभंग, तुमची भिशी होती तिथंच आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते. बदल केल्यावर कंप्युटर पळायला लागेल आणि नातू त्याचं सगळं श्रेय लिनक्सला देईल. निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं. २०१६ च्या मशीनला म्हातारपण येतं ते बहुतेक हार्डडिस्कमुळे. रॅम ४ जीबीच असेल तर शेजारी आणखी ४ ची पट्टी बसते का तेही बघायला सांगा.

लिनक्स कुठलं? ही एक वस्तू नाही, ते कुळ आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळी घरं बांधली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे, तेव्हा तुम्ही लिनक्स वापरतच आलाय. आणि फुकट म्हणजे चोरून नव्हे. तुमचं मराठी पॅकेज दुकानदारानं 'घालून दिलं' होतं, त्याची पावती मी विचारत नाही, पण इथं प्रत करून घेणं, दुसऱ्याला देणं हे परवान्यातच लिहून दिलेलं असतं. केरळात सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं असंच खुलं लिनक्स वापरून शिकताहेत.

तुमच्यासाठी लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती, कारण ती हलकी आहे. डाव्या कोपऱ्यात खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, खिडकी बंद करायला वर फुली. एमएस-सीआयटीची विद्यार्थिनी पाच मिनिटांत रुळेल. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आत आयतंच येतं. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. नातू बहुधा 'आर्च' म्हणेल, ते याच कुळातलं पण हौशी लोकांचं घर. त्या वयात म्हणतातच. मेनू इंग्रजीतच ठेवा असं माझं मत आहे. मराठी मेनू मिळतो, पण काही शब्द सरकारी परिपत्रकातून उतरल्यासारखे वाटतात, आणि अडलं तर फोनवर नातवाला काय वाचून दाखवाल?

टायपिंगचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. लिनक्सवर इनस्क्रिप्ट आहे, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्ड, आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा फोनेटिकही आहे. सवय होईपर्यंत फोनेटिक वापरा. पण मला विचाराल तर पंधरा दिवस जीव कढवून इनस्क्रिप्ट शिकून घ्या. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आपल्या बाराखडीला शोभेल अशी मांडणी. 'के'च्या कळीवर क, 'जे'वर र, आणि शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ. मग 'डी'चा हलन्त, त्यापुढं य आणि काना, की झाला 'दुसऱ्या'तला ऱ्या, पाय मोडल्याशिवाय. विंडोजवरही हाच कीबोर्ड आहे, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. फाँटसाठी राज्य मराठी विकास संस्थेनं काढलेला 'यशोमुद्रा' बघा. पोथीसारखा मजकूर छापायला सुबक दिसतो.

आता प्रिंटर. डिस्क विकत घेण्याआधी एक चाचणी करा. नातवाला ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घालून आणायला सांगा. मशीन चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा डिलीटची कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. कळ मशीनगणिक वेगळी असते. तेवढ्यानं तुमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. फक्त पडद्यावर 'इन्स्टॉल'चं चित्र दिसेल, त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. आवाज येतो का, इंटरनेट लागतं का बघा आणि प्रिंटर जोडून एक पान काढा. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या छोट्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरांपैकी काही फक्त कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कंप्युटर आणि प्रिंटरमधल्या दुभाष्यावर चालतात आणि लिनक्सवर भयंकर छळतात. माझ्याकडे असा एक होता. दोन रविवार त्याच्यापुढे बसून घालवले, शेवटी तो भाच्याला देऊन टाकला. एचपीचा असेल तर बहुतेक अडत नाही, त्यांचा खुला ड्रायव्हर मिंटमध्ये आहे. पान निघालं तर उत्तम. नाही निघालं तर पीडीएफ फोनवर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात छापायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा. पुढं कधी नवा घ्याल तर एअरप्रिंट चालणारा घ्या, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

भिशीचा हिशेब लिबरऑफिसमध्ये उघडेल. बेरीज-वजाबाकीला काही होत नाही, कुणी मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घालून दिले असतील तरच अडेल. फोटो नुसते उचलून ठेवायचे. बँक, व्हॉट्सअप वेब, व्हिडिओ कॉल सगळं फायरफॉक्समध्ये. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, एखादा बदल फसला की सिस्टिम मागच्या तारखेला नेते. ती पहिल्याच दिवशी चालू करा. पण ती सिस्टिमची प्रत ठेवते, अभंगांची नाही. अभंग पेनड्राइव्हवर आपले आपण.

आणि एक मजा. कधी जुनी डिस्क परत लावून विंडोज उघडलंत तर घड्याळ साडेपाच तास मागं दिसेल. घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच कराडची समजतं. एका सेटिंगनं दोघांचं जमवता येतं, पण सहा महिन्यांतून एकदा उघडणार असाल तर तेवढं चालवून घ्या.

भाचीला मात्र सांगा, बदलू नकोस. तिची गिऱ्हाइकं कोरलड्रॉ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली घेऊन येतात आणि तशाच मागतात, आणि ते लिनक्ससाठी निघत नाही. तिचा धंदा त्या फाइलींवर आहे. तिनं विंडोज ११ चं मशीन घ्यावं आणि त्याचा खर्च दरात लावावा. तुमच्यासारखे युनिकोड पीडीएफ आणणारे वाढले की तिचं तीच बघेल.

हे शेवटचं नातवाला वाचून दाखवा. बाळा, माउस आजीच्या हातात, तू शेजारच्या खुर्चीत. पासवर्ड आजी ठरवणार, तुला कळला नाही तरी चालेल. जे जे कराल ते एका दोनशेपानी वहीत मराठीत लिही: अपडेट कसे घ्यायचे, मराठी-इंग्रजी कीबोर्ड कुठल्या कळीनं बदलतो, प्रिंटर रुसला तर काय. तू पुण्याला परत गेलास की कराडात आजीच्या मदतीला तीच वही असेल. आर्च तुझ्या हॉस्टेलच्या लॅपटॉपवर ठेव. आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ये, आजीच्या घरातला शिलाई मशीनचा चालणार नाही.